मेलेल्याला एकदाच

सुझुनो त्या दुपारी सेन्सेईंसाठी, म्हणजे आपल्या गुरूंसाठी, पेन्सिली आणायला गेली होती. कामोई सेन्सेईंना एकाच जातीच्या, मऊ शिशाच्या पेन्सिली लागत, आणि त्या आता ओगिकुबो स्टेशनामागच्या एका जुन्या दुकानातच मिळत. फेब्रुवारीचे दिवस. ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. ती ॲनिमेशनच्या स्टुडिओत परतली तेव्हा वरच्या मजल्यावरून कॉम्प्युटरच्या पंख्यांचा एकसुरी घुमघुमाट येत होता. खालच्या मजल्यावर, हाताने चित्रं काढण्याच्या खोलीत, रॉकेलच्या हीटरचा वास होता आणि कागदांची फडफड. बाकी काही नाही.

एके काळी त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे, असं म्हणतात. आता मेजं तेवढी होती. प्रत्येक मेजाच्या मधोमध काच, काचेखाली दिवा, कडेला कागद अडकवायच्या तीन खुंट्या, आणि समोर एक छोटा आरसा. चित्रातल्या माणसाला हसवायचं, रडवायचं असलं की काढणारा आधी आरशात तसं तोंड करून बघतो, त्यासाठी तो आरसा. माणसं मात्र दोनच उरली होती: पंचाहत्तरी ओलांडलेले कामोई सेन्सेई आणि त्यांच्याकडे दोन वर्षांपासून शिकणारी सुझुनो किरिहारा.

मार्चअखेर ही खोली बंद करायची, असं निर्मात्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. सेन्सेईंनी एवढंच मागून घेतलं होतं की नव्या चित्रपटातला एक प्रसंग आम्हाला हाताने करू द्या, तो बघा आणि मग ठरवा. प्रसंग आवडला तर खोली राहणार होती, एप्रिलमध्ये नवी शिकाऊ मुलं येणार होती. नाहीतर वरचेच पंखे खालीही घुमणार होते.

प्रसंग साधा होता. घरात म्हातारी गेली आहे. तिला अंथरुणावर निजवलंय, तोंडावर पांढरं फडकं आहे, उशाशी उदबत्ती. भोवती मुलगी, जावई, शेजारीण आणि अगदी उशाशी तिचा म्हातारा नवरा. कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही. मुख्य चित्र, प्रत्येक माणूस वेगळ्या कागदावर, सेन्सेईंनी काढलं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा त्यांनी आरशात बघून काढला होता, म्हणजे तो त्यांचाच होता. ते चित्र गिरवून पुढचं काम सुझुनोने करायचं होतं.

"माणूस गप्प बसलाय, हलत नाही," सेन्सेई म्हणाले, "पण जिवंत आहे. कसं दाखवशील?"

"तेच चित्र तीनदा गिरवायचं. आणि ती तीन पुन्हापुन्हा फिरवायची."

"तीनदा कशाला? एकच ठेव की. कागद वाचतील."

"हात दर वेळी केसभर चुकतो, सेन्सेई. ती चूक पडद्यावर थरथरते."

"हं. तोच श्वास." त्यांनी तिच्या कालच्या चित्रांचा गठ्ठा उचलला, बोटांच्या फटीत कागद धरून फडफडवला आणि भुवया चढवल्या. "हा मात्र श्वास नाही. हा भूकंप आहे. हा जावई सासूला बघायला आलाय का घराबाहेर पळायला?"

सुझुनो हसली, पण तिचे कान तापले. दोन वर्षांत तिच्या हाताला दोनच गोष्टी येत होत्या: भूकंप किंवा दगड.

"आणि म्हातारीला?" तिने विचारलं.

"मेलेल्याला एकदाच."

"नाहीतर?"

"नाहीतर काय, उठून तुझा डबा खाईल." ते हसले. मग हसू ओसरलं आणि ते पेन्सिलीला टोक काढत राहिले. "आमच्या सेन्सेईंनी हे आम्हाला बजावलं होतं. म्हणायचे, श्वास काही आकाशातून पडत नाही. मेलेल्याला दिलास तर त्याच चित्रातल्या कुणाचा तरी जातो. मी का म्हणून विचारलं नाही. तूही विचारू नकोस. तू गिरव."

ती गिरवत राहिली. दिवस संपत आले तसा हात अधिकच बिघडला. सेन्सेई तिच्या चित्रांवर दुरुस्तीचे पिवळे कागद लावून परत देत, रागावत नसत, आणि तेच तिला सोसवत नसे. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटे.

जिन्यावर तिला मुराकोशी भेटला. तो वरच्या कॉम्प्युटर-विभागाचा प्रमुख, दिलदार, गप्पिष्ट माणूस. हातात नेहमी अर्धा खाल्लेला ओनिगिरी, भाताचा मुटका.

"काय गं किरिहारा, तोंड असं का? म्हातारबुवांनी पुन्हा परत पाठवली?"

"परवा चित्रं दाखवायचीत, मुराकोशी-सान. एकही कागद पास झालेला नाही."

"मग आण की वर. तुझ्या सेन्सेईंची जन्मभराची चित्रं आम्ही मशीनला भरवलीत. त्यांची चूकसुद्धा तिला पाठ आहे. एक चित्र दे, ती तीन करून देईल. खुद्द तेसुद्धा ओळखणार नाहीत."

"त्यांना माहितीये?"

"विचारलं होतं रीतसर. म्हणाले, चित्रं स्टुडिओची आहेत, करा काय करायचं ते. आणि चहा प्यायला निघून गेले." त्याने आवाज खाली आणला. "अगं, खोली वाचायला हवी ना तुला?"

तिला हवी होती. यात खोट काहीच नव्हती. खोलीसाठीच तर करायचं होतं. निदान जिना चढताना तिने स्वतःला असं सांगितलं.

मशीनने दिलेली चित्रं तिने काचेवर ठेवली, खालचा दिवा लावला, आणि त्यांच्यावर कोरा कागद अडकवून पेन्सिलीने जशीच्या तशी उतरवून घेतली. शिसं खरं दिसायला हवं होतं ना. चोरून खाणारा माणूस जसा न चावता गिळतो, तशी ती मान खाली घालून भराभर गिरवत होती. मशीनला त्या चित्रात मेलेलं कोण हे कुणी सांगितलं नव्हतं. मशीनने सगळ्यांनाच तीनदा काढलं होतं. तिसऱ्या कागदावर म्हातारीच्या तोंडावरच्या फडक्याची घडी जरा सरकलेली सुझुनोला दिसली. पेन्सिल क्षणभर थांबली. पण ते काढून टाकायचं तर आपण काय करतोय याकडे नीट बघावं लागलं असतं. तिने बघितलं नाही. गिरवलं.

दाखवायच्या दिवशी सकाळी निर्माते, दिग्दर्शक, वरची निम्मी मंडळी खालच्या खोलीत आली. सेन्सेईंनी गठ्ठा हातात घेतला. म्हाताऱ्याची तीन चित्रं बोटांच्या फटीत धरून फडफडवली. एकदा. पुन्हा एकदा. 

"हा हात..." शेवटी ते म्हणाले. "तिशीत माझी रेघ अशी होती. ती मी तुला शिकवली नाही, किरिहारा. मलाच ती आता येत नाही. तुला कुठे सापडली?"

आणि सगळ्यांच्या देखत, त्या म्हाताऱ्या माणसाने आपल्या शिष्येपुढे कमरेत वाकून मान झुकवली.

तीही वाकली. त्यांच्याहून खाली. आदर म्हणून वाकली असं सगळ्यांना वाटलं. तिला फक्त तोंड लपवायचं होतं.

पडद्यावर प्रसंग सुरू झाला. मुलगी, जावई, शेजारीण... कुणी हलत नव्हतं आणि तरी कुणी दगड नव्हतं. खोलीतली खुसखुस थांबली. "जिवंत आहेत हो," निर्माते पुटपुटले, आणि त्याच श्वासात त्यांनी खोली राहील असं सांगून टाकलं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आणि आजीसुद्धा!"

म्हातारीच्या तोंडावरचं फडकं ओठांपाशी आत ओढलं जात होतं. वर येत होतं. पुन्हा आत जात होतं.

"काय धाडसी कल्पना आहे!" दिग्दर्शक म्हणाले. टाळ्या वाजल्या. मुराकोशीने लांबूनच तिला डोळा मारला. सेन्सेईंनी टाळी वाजवली नाही. ते फडक्याकडे बघतही नव्हते. उशाशी बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघत होते. तो हलत नव्हता. बाकीचे हलत नव्हते तसा नाही. भिंत हलत नाही तसा.

सगळे गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हाताऱ्याची तीन चित्रं एकावर एक काचेवर ठेवली. दिवा लावला. तीन कागदांतून एकच रेघ दिसत होती. केसाचाही फरक नव्हता.

"सकाळी यात थरथर होती," ते हळू म्हणाले. "मी या बोटांनी बघितली."

सुझुनोने तिन्ही कागद पुन्हा जुळवून बघितले.

"म्हातारीला तीनदा काढलंस."

"...चुकून, सेन्सेई."

"होतं. मी रागावत नाही." खरंच रागावले नव्हते. त्यांनी म्हातारीचे दोन जास्तीचे कागद फाडले आणि हीटरवरच्या किटलीशेजारी ठेवले. "श्वास ज्या हाताने गेला त्या हातानेच परत आणता येतो, एवढं मला ठाऊक आहे. त्याच हाताने म्हाताऱ्याला पुन्हा तीनदा काढायचं. म्हणून विचारतो. हात कुणाचा होता? तुझा असेल तर तू बस. आणखी कुणाचा असेल तर सांग, त्याला बोलावू. काही बिघडत नाही."

काही बिघडत नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. पण सकाळची ती झुकलेली मान तिच्या डोळ्यांपुढून हटत नव्हती.

"माझाच," ती म्हणाली.

"मग बस."

ती बसली. तिने तीन चित्रं काढली, काचेवर ठेवली. एकच रेघ. पुन्हा काढली. मुद्दाम हात हलवून काढली. कागदावर उतरताना रेघ हललेली तिने डोळ्यांनी पाहिली, आणि काचेवर ठेवल्यावर पुन्हा एकच. जन्मात कधी जमला नव्हता इतका तिचा हात अचूक झाला होता. तिच्या बोटांत गोळे आले. खिडकीबाहेर उजेड तांबूस झाला, मग राखाडी. मागे सेन्सेई आपल्या मेजाशी, आरशासमोर बसले होते. आधी त्यांची पेन्सिल ऐकू येत होती. नंतर येईनाशी झाली.

हीटरमधलं रॉकेल संपत आलं. वास उग्र झाला आणि खोली गार पडली, इतकी की सुझुनोला आपल्या तोंडातून निघणारी वाफ दिसू लागली. ती वळली.

"सेन्सेई, रॉकेल..."

ते ताठ बसले होते. डोळे उघडे, हातात पेन्सिल. आरसा त्यांच्या नाकापासून वीतभरावर असेल. तिच्या तोंडाची वाफ तिच्या मेजापर्यंत जात होती. त्यांचा आरसा मात्र स्वच्छ होता.

"सेन्सेई...?"

"जमलं का?" त्यांनी विचारलं. ओठ हलले, पण शब्दांबरोबर वाफ आली नाही.

 ती खुर्चीवरूनच बोलली, जमिनीकडे बघत. "तो हात माझा नव्हता. मी वर गेले होते. मुराकोशी-सानच्या मशीनकडून... मी फक्त वरून गिरवलं. सकाळी तुम्ही माझ्यापुढे वाकलात तेव्हाही मी..."

 मग खुर्ची करकरली.

"मशीनला माझी चित्रं भरवली होती ना," सेन्सेई म्हणाले. त्यांनी आपला उजवा हात उलटसुलट करून बघितला. "म्हणजे हात माझाच." आणि ते हसले. तिला हे हसू सर्वांत जड गेलं. "आधी बोलली असतीस तर बरं होतं गं. दुपारी बोटांत ऊब होती. आण तो कागद."

त्यांनी पहिलं चित्र काढलं. रेघ म्हातारी होती, पण हलत होती. दुसरं काढताना मधेच त्यांनी डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरला. दुसरं झालं. तिसरा कागद त्यांनी खुंट्यांवर अडकवला आणि पेन्सिल तिच्याकडे सरकवली.

"हे तू."

"माझा हात वाईट आहे, सेन्सेई."

"आहे. पण तुझा आहे..."

एवढं म्हणून ते बाजूला कलले. तिने त्यांना जमिनीवर निजवलं, अॅम्ब्युलन्सला फोन केला, अंगावर आपला कोट घातला. नाकाशी बोट नेलं, काही लागेना. मग ती मेजाशी बसली आणि रडत रडत तिसरं चित्र काढलं. छातीपाशी रेघ वेडीवाकडी गेली. खोडायला वेळ नव्हता. तिने तिन्ही कागद बोटांच्या फटीत धरून फडफडवले. म्हाताऱ्याची छाती वर आली, खाली गेली, आणि तिसऱ्यांदा अडखळली.

तिच्या मागे, जमिनीवरून, श्वास ओढल्याचा आवाज आला.

सेन्सेई वाचले. शुद्धीवर आले नाहीत, पण वाचले. हॉस्पिटलमध्ये तोंडाला नळी लावायची गरज पडली नाही; आपला श्वास आपणच घेत होते. दोन श्वास नीट येत, तिसरा अडखळे. डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या केल्या आणि शेवटी, लय जरा वेगळी आहे, एवढंच म्हणाले. वॉर्डातली जाडजूड, हसरी नर्स ओदागिरीबाई मात्र त्यावर गंमत करी.

"दोन पायऱ्या झोकात चढतात आणि तिसरीला ठेचकाळतात बघा तुमचे सेन्सेई! कुणी बांधलाय हा जिना?"

सुझुनो मान खाली घाली. आपण बांधलाय हे ती कुणाला सांगू शकली नाही. स्टुडिओतही तिने काही सांगितलं नव्हतं. प्रसंगातली ती तीन चित्रं बदलली, म्हातारी स्थिर झाली, याबद्दल दिग्दर्शक थोडे हळहळले, बाकी कुणी विचारलं नाही. खोली वाचली होती. दारावर तिच्या नावाची पाटी लागणार होती. निर्माते तिला आता 'कामोई-सानचा हात' म्हणत, आणि ती दर वेळी वाकून आभार मानी.

रोज दिवसभर ती गिरवण्याचा सराव करी आणि चारच्या सुमाराला हॉस्पिटलात जाऊन बसे. पहिला श्वास, दुसरा श्वास. तिसरा जवळ आला की तिचे खांदे आपोआप आवळले जात. पण तो येई. वेडावाकडा, लाजिरवाणा, पण येई. नाकापाशी हात नेला की तळव्याला कोमट लागे. कधीकधी तिला वाटे, याहून जास्त आपल्याला मिळायला नको. कधी वाटे, एवढंही नको होतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती निघायच्या तयारीत असताना मुराकोशी जिन्यावरून खाली डोकावला.

"ए किरिहारा! पार्टी दे आता. चित्रपटाची शेवटची प्रत गेली आज दुपारी."

"हो? छान झालं."

"आणि तुझी लाज मी झाकली, ते वेगळंच." तो खुशीत होता, मनापासून. "त्या म्हाताऱ्याचं तिसरं चित्र गं. छातीपाशी केवढी वाकडी रेघ! घाईत राहिली असणार. एवढ्यासाठी तुला कशाला त्रास द्यायचा, म्हटलं, मशीनकडून सरळ करून घेतली. आता तिन्ही अशी बसलीत एकावर एक... कुणाला कळणारसुद्धा नाही."

सुझुनो कोट न घेताच धावत सुटली.

हॉस्पिटलच्या मजल्यावर संध्याकाळच्या जेवणाच्या गाड्या फिरत होत्या; मिसो सूपचा वास दरवळत होता. ओदागिरीबाई दारातच होत्या, चेहरा फुललेला.

"आलात? मी वाटच बघत होते! दुपारपासून बघा तरी, काय सुरेख लय लागलीये. डॉक्टरसुद्धा बघून गेले. ठेच नाही, अडखळणं नाही!"

सुझुनो खाटेपाशी गेली. सेन्सेईंची छाती वर येत होती आणि खाली जात होती. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदाही तशीच, केसाचाही फरक नाही. चेहरा शांत होता, जरा तरुणही वाटत होता.

"किती छान झोपलेत, नाही?" मागून नर्स म्हणाली.

सुझुनोने हात पुढे केला आणि तळवा त्यांच्या नाकापाशी धरला. पांघरूण वर आलं. खाली गेलं. वर आलं. तिने हात आणखी जवळ नेला, अगदी ओठांना टेकेल इतका, आणि तसाच धरून ठेवला.

तळव्याला काहीच लागत नव्हतं.